‘फॉरमॅट करू का?’ असं विचारलं, तर आधी हिशोब बाहेर काढा

बऱ्याच ग्रामसंघांच्या कार्यालयात आता एकतरी संगणक आहे. कुणाला शाळेने जुना दिला, कुणी सेकंडहँड घेतला. त्यातल्या पुष्कळांवर लिनक्स घातलेलं असतं, कारण ते फुकट मिळतं आणि जुन्या यंत्रावरही बरं चालतं. विंडोज १० ची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, तेव्हापासून तर उबंटू आणि मिंट ही नावं गावोगाव ऐकू यायला लागली. उबंटू आणि मिंट म्हणजे लिनक्सचेच दोन प्रकार. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा लिहून सगळ्यांसाठी खुला केला, म्हणून आज आपल्याला त्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत.

यंत्र आलं की बिघाडही येतोच. आम्ही ज्या गटांमध्ये जातो तिथे एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. संगणक सुरू होईना म्हणून डबा रिक्षात घालून तालुक्याला नेतात. दुकानदार म्हणतो, ‘फॉरमॅट मारावं लागेल.’ बायका हो म्हणतात. यंत्र चालू होऊन परत येतं, पण त्यातला दोन-तीन वर्षांचा बचतीचा आणि कर्जाचा हिशोब गेलेला असतो. मग कुणाचे किती हप्ते राहिले यावरून सभेत आवाज चढतात. यंत्र दुरुस्त झालं, पण गट मोडायची वेळ आली, असं आम्ही पाहिलेलं आहे.

यामागे एक साधं कारण आहे, ते नीट समजून घ्या. लिनक्स आपली डिस्क ज्या पद्धतीने आखतं, ती पद्धत विंडोजला वाचता येत नाही. दुकानदार तुमची हार्ड डिस्क काढून आपल्या विंडोजच्या संगणकाला लावतो. विंडोजला त्यातलं काही कळत नाही, म्हणून ते पडद्यावर सांगतं की ही डिस्क वापरायची असेल तर आधी फॉरमॅट करा. दुकानदाराला खरंच वाटतं की डिस्क खराब झाली. त्याच्या मनात खोट असतेच असं नाही. पण मोडी न येणाऱ्याच्या हातात मोडी दप्तर दिलं आणि त्याने रद्दी समजून जाळलं, तर नुकसान दप्तराच्या मालकाचंच. फॉरमॅट म्हणजे ती पाटी पुसणं. म्हणून तो शब्द ऐकला की एकच उत्तर द्या: ‘आधी आमच्या फाइली बाहेर काढायच्या, मग बोलू.’

फाइली बाहेर काढायला आणि बिघाड कुठे आहे ते ओळखायला एकच वस्तू लागते, ती म्हणजे लाइव्ह पेनड्राइव्ह. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या आणि संगणक धडधाकट असतानाच त्यावर मिंट किंवा उबंटू घालून घ्या. शेजारच्या गटातली जाणती मुलगी किंवा कॉलेजातला भाचा हे तासाभरात करून देईल. मात्र त्या पेनड्राइव्हवर आधी काही असेल तर ते पुसलं जातं, तेव्हा तो कोराच द्या. तयार झाला की त्यावर पट्टी चिकटवून नाव लिहा आणि कपाटात ठेवा. मुलांची गाणी भरायला देऊ नका.

संगणक बिघडला की हा पेनड्राइव्ह लावायचा आणि सुरू करताना एक कळ दाबत राहायची. कुठे ती एफ १२ असते, कुठे एफ ९, कुठे एस्केप. तुमच्या यंत्राची कोणती ते आजच शोधून डब्यावर लिहून ठेवा. मग संगणक आपल्या डिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरून चालू होतो. मिंट थेट उघडतं. उबंटू ‘ट्राय’ की ‘इन्स्टॉल’ असं विचारतं, तिथे ट्राय निवडायचं. इन्स्टॉलला हात लावायचा नाही, त्याने डिस्क पुसली जाऊ शकते.

आता नीट बघा. पेनड्राइव्हवर पडदा, माउस, नेट, आवाज सगळं सुरळीत चाललं, तर पडदा, रॅम आणि वीजपुरवठा बहुतेक ठीक आहेत. दोष डिस्कवरच्या लिनक्समध्ये आहे नाहीतर खुद्द डिस्कमध्ये. पेनड्राइव्हवरही यंत्र अडकलं, आपोआप बंद पडलं किंवा सुरूच झालं नाही, तर दोष यंत्राच्या भागात आहे. मग कितीही फॉरमॅट केलं तरी तो जाणार नाही. दुकानात फॉरमॅटचे पैसे घेऊन आठ दिवसांत तोच रोग परत येतो, तो यामुळेच.

पेनड्राइव्ह चालला की फाइल्सच्या खिडकीत डाव्या बाजूला तुमची डिस्क दिसेल. ती उघडा, त्यात होम नावाचं फोल्डर शोधा, तुमचे हिशोब तिथेच असतात. ते दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. परवानगी नाही असं म्हणालं तर घाबरू नका. मिंटमध्ये त्या फोल्डरवर राइट क्लिक केलं की ‘ओपन ॲज रूट’ असं येतं, त्यातून उघडतं. उतरवलेली खातेवही एकदा उघडून, शेवटच्या महिन्याचा आकडा बघूनच पुढे जा. नुसतं फाइलचं नाव दिसतंय म्हणून समाधान मानू नका.

डिस्कची तब्येत बघायलाही सोय आहे. डिस्क्स नावाचा प्रोग्राम उघडा, डिस्क निवडा आणि मेनूत स्मार्ट नावाची तपासणी बघा. डिस्क ठीक आहे की मरायला टेकली आहे, ते तिथे बऱ्याचदा कळतं. डब्यातून टिक टिक, खरखर असा आवाज येत असेल, तर मात्र तपासणीत वेळ घालवू नका. आधी फाइली उतरवा. अशी डिस्क प्रत्येक वेळी सुरू करताना थोडी थोडी आणखी जाते.

यंत्राच्या भागांचं बघताना सुरुवात भिंतीपासून करायची. दिवाच लागत नाही, पंखा फिरत नाही, तर बोर्डात मोबाइलचा चार्जर लावून वीज आहे का ते बघा. मग मॉनिटरची वायर आणि डब्याची वायर आपसात बदला. बहुतेक ठिकाणी दोन्ही एकसारख्याच असतात. वायर बदलल्यावर डबा चालू झाला, तर फक्त वायर गेली आहे. पंखा फिरतो पण पडद्यावर ‘नो सिग्नल’ लिहून येतं, तर मागची निळी पिन सैल झाली असेल, तिचे दोन्ही स्क्रू पिळा. पिन घट्ट असूनही डबा पीप पीप असा ओरडत असेल, तर बऱ्याचदा रॅमची पट्टी सैल झालेली किंवा मळलेली असते. वायर पूर्ण काढा, सुरू करायचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा, डब्याच्या पत्र्याला हात लावा, मग पट्टी काढून तिची सोनेरी कड पांढऱ्या खोडरबराने हळू घासा आणि टक असा आवाज येईपर्यंत परत बसवा. हे काम घरची कुणीही बाई करू शकते, शिलाई मशीनची बॉबिन काढण्याइतकंच ते नाजूक आहे. पण ज्या चौकोनी डब्यात विजेची वायर जाते, तो एसएमपीएस कधीही उघडू नका. वायर काढल्यावरही त्यात वीज साठलेली असते.

दहा-पंधरा मिनिटं चालून यंत्र बंद पडतं, थोड्या वेळाने परत चालतं, तर ते तापतंय. आत धूळ आणि कोळिष्टकं असतील. वायर काढून मऊ ब्रशने झाडा, पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. डबा चुलीजवळ किंवा पीठगिरणीच्या भिंतीला ठेवलेला असेल, तर आधी जागा बदला.

तारीख चुकली तर काय होतं, हे फार कमी जणींना माहीत असतं. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा एक सेल असतो, त्यावर सीआर २०३२ असं लिहिलेलं असतं. वीज नसताना घड्याळ त्याच्यावर चालतं. तो संपला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि बँकेची किंवा सरकारी वेबसाइट ‘हे सुरक्षित नाही’ म्हणून उघडत नाही. बायका नेटवाल्याशी भांडत बसतात. नेट जोडल्यावर उबंटू आणि मिंट थोड्या वेळात वेळ आपोआप सुधारून घेतात. नाही सुधारली तर हाताने लावा आणि सेल बदला. जुना सेल कुठेही टाकू नका. लहान मुलाने गिळला तर जिवावर बेततं, तासांच्या आत दवाखाना गाठावा लागतो.

आता डिस्कवरच्या लिनक्सचे दोष. लाइट अचानक गेली आणि नंतर काळ्या पडद्यावर ‘इनिटरामएफएस’ असं दिसून सगळं थांबलं, तर लिहिताना मध्येच वही हिसकावल्यासारखं झालं आहे. त्याच पडद्यावर वर कुठेतरी डिस्कच्या भागाचं नाव दिसतं, ते तिरप्या रेघेने आणि डी ई व्ही या अक्षरांनी सुरू होतं. एफ, एस, सी, के ही चार अक्षरं टाइप करा, जागा सोडा, आडवी रेघ आणि वाय, पुन्हा जागा, मग ते नाव जसंच्या तसं, आणि एंटर. संपल्यावर रीबूट लिहा. पुष्कळदा यंत्र उभं राहतं. पण डिस्क टिकटिकत असेल किंवा हे आठवड्याला व्हायला लागलं, तर हा उपाय करायचा नाही, आधी फाइली उतरवायच्या.

पासवर्ड बरोबर असूनही पडदा लुकलुकतो आणि परत पासवर्डच मागतो, तेव्हा अनेकदा डिस्क भरलेली असते. कंट्रोल, आल्ट आणि एफ ३ एकदम दाबा. काळ्या पडद्यावर नाव आणि पासवर्ड घाला. पासवर्ड टाइप करताना तिथे ठिपकेसुद्धा दिसत नाहीत, म्हणून कीबोर्ड बंद पडला असं समजू नका. मग डी, एफ, जागा, आडवी रेघ, एच लिहून एंटर करा. ज्या ओळीच्या शेवटी नुसती एक तिरपी रेघ आहे, तिथे १०० टक्के दिसलं, तर रोग सापडला. लाइव्ह पेनड्राइव्हवरून सुरू करून लग्नाचे व्हिडिओ दुसरीकडे हलवा. कार्यालयाच्या यंत्रात ते असतातच, आम्ही नावं घेत नाही.

अपडेट केल्यावर दुसऱ्या दिवशी बिघडलं, तर जुनं रूप अजून यंत्रात असतं. सुरू करताना शिफ्ट धरा, काही यंत्रांवर एस्केप दाबा, आणि ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीचा आकडा निवडा. चाललं तर काही दिवस तसंच वापरा.

एक तक्रार बिघाडाची नसतेच. जुनी ठरावांची फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. ती फाइल कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असते, आणि त्या फॉन्टची अक्षरं युनिकोडच्या रीतीने साठवलेली नसतात. फाइल शाबूत असते, ती युनिकोडमध्ये बदलून घेता येते. तिच्यासाठी संगणक फॉरमॅट करायचा म्हणजे चष्मा पुसायचा सोडून डोळा काढायचा.

तालुक्याला न्यायची वेळ आलीच, तर संगणकाजवळ एक वही ठेवलेली असू द्या. कधी बिघडलं, त्याआधी काय नवं केलं होतं, पडद्यावर काय लिहून आलं, हे तारखेसह लिहा, पडद्याचा मोबाइलवर फोटो काढा. फक्त डबा न्या, मॉनिटर ठेवून जा. आत लावलेले पेनड्राइव्ह काढून घ्या. दुकानदाराला पहिल्यांदाच सांगा की यात लिनक्स आहे. आणि पावतीवर त्याच्याच हाताने लिहून घ्या: ‘विचारल्याशिवाय डिस्क पुसायची नाही.’ खाली त्याची सही आणि सोबत गेलेल्या दोघींची सही.