जुन्या घोड्याला नवा लगाम

१९८३ साली आलेली राजदूत ३५० पळायची वाऱ्यासारखी. पण मूळच्या जपानी यामाहाला पुढे डिस्क ब्रेक, आणि आपल्या गाडीला मात्र ड्रम! घाटाच्या उतारावर ड्रम तापून फुगतो, शूजपासून दूर सरतो. मग दांडी कितीही आवळा, गाडी आवरत नाही.

म्हणून मी डिस्कवाल्या गाडीचे फोर्क आणि चाकच आणवून माझ्या गाडीला दोन डिस्क बसवून घेतल्या. एकच डिस्क फोर्कच्या एका पायावर सारा ताण टाकते; दोन असल्या की तो वाटला जातो.

मात्र वाचकहो, एक पथ्य पाळा. मास्टर सिलिंडर दोन कॅलिपरांना पुरेल असाच घ्या. तो लहान पडला, तर दांडी मुठीला टेकेल. घाट उतरून घरी पोचायचे, ते या दांडीच्याच भरवशावर!