सुईदोऱ्याने घडणारे शिल्प

कापडी बाहुलीचे मऊ शिल्प दोन परस्परविरोधी ओढींवर उभे असते. आत भरलेला कापूस कापडाला बाहेर ढकलतो आणि सुईने आरपार नेलेला दोरा त्याला आत खेचतो. या दोहोंच्या तोलातून गाल, नाकपुड्या, पापण्या, बोटांची पेरे, बेंबी असे सारे उंचसखल आकार तयार होतात. साध्या कापडी बाहुलीचे नाकडोळे रंगवलेले किंवा टाक्यांनी काढलेले असतात. मऊ शिल्पात ते उठावाने घडवलेले असतात.

या कलेचे मूळ रूप चिंध्यांच्या बाहुलीत दिसते. रोमन अमलाखालील इजिप्तमधील लिननची एक बाहुली ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिच्या पोटात चिंध्या आणि पपायरसचे तुकडे भरलेले आहेत. महाराष्ट्रात भातुकलीच्या खेळात लाकडी ठकीच्या जोडीला जुन्या लुगड्याच्या चिंध्यांची बाहुली असे. बोळ्याभोवती कापड गुंडाळून खाली दोरा आवळला की डोके आणि मान तयार होत. भरणे आणि आवळणे ही दोन्ही कामे तिथेही होती.

विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात या खेळण्याला शिल्पाची जोड मिळाली. जर्मनीत केटे क्रूझे यांनी 1905 मध्ये मुलीसाठी पहिली बाहुली केली, ती वाळू भरलेल्या टॉवेलची आणि बटाट्याच्या डोक्याची. त्यांचे पती माक्स क्रूझे शिल्पकार होते. पुढे क्रूझे यांच्या गाजलेल्या बाहुलीचा कापडी चेहरा फ्लेमिश शिल्पकार ड्यूकेन्वा याच्या बालशिल्पावरून घेतला गेला. इटलीत तुरिन येथे 1919 च्या सुमारास एलेना स्काविनी यांनी ‘लेंची’ बाहुल्या सुरू केल्या. त्यांचे चेहरे साच्यात दाबलेल्या फेल्टचे असत.

अमेरिकेत क्लेस ओल्डनबर्ग याने 1962 मध्ये कॅनव्हासचा भलामोठा बर्गर प्रदर्शनात मांडला आणि मऊ शिल्पाला कलादालनात जागा मिळाली. त्याच्या अशा कृतींची शिलाई त्याची पत्नी पॅटी हिने केली होती. सत्तरच्या दशकात केंटकीतील मार्था नेल्सन थॉमस कापडी बाळे घडवत होत्या. ती पाहून झेवियर रॉबर्ट्स याने जॉर्जियात तशीच बाळे विकायला काढली, आणि त्यावरून झालेला दावा अखेर तडजोडीने मिटला. ‘कॅबेज पॅच किड्स’ म्हणून 1983 मध्ये याच बाळांसाठी दुकानांत झुंबड उडाली, पण कारखान्यातून निघालेल्या त्या बाळांची डोकी विनायलची होती. सुईने घडवलेला चेहरा हाताच्याच कामात राहिला.

भारतात मध्य प्रदेशातील झाबुआच्या कापडी बाहुल्या भिल्ल स्त्री-पुरुषांचे पोशाख आणि दागिने जपतात. या कामासाठी रमेश आणि शांती परमार यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. दिल्लीत व्यंगचित्रकार शंकर यांनी 1965 मध्ये उभारलेल्या बाहुली संग्रहालयाने देशोदेशींच्या बाहुल्या एकत्र आणल्या.

अशी बाहुली छंद म्हणून घडवायची, तर सुरुवात कापडाच्या निवडीपासून होते. मांजरपाट ताणले जात नाही, त्यामुळे आकार जसा बेतला तसाच राहतो. होजिअरीचे कापड मध्यम ताणते. नायलॉनचा पायमोजा सर्वांत जास्त ताणतो, म्हणून सुरकुतलेले म्हातारे चेहरे त्यात सहज साधतात. मात्र एक धागा तुटला तरी त्याची उसवण लांबवर धावते. ताणणारे कापड बेतताना त्याचा ताण हातापायांच्या घेराकडे ठेवतात. तो लांबीकडे गेला तर भरल्यावर अवयव गुबगुबीत होण्याऐवजी लांबट होतात.

कागदी फर्मा कापडावर आखून आधी रेघेवर टीप मारतात आणि मगच कापतात. बोटांभोवती टाका दीड मिलिमीटर आणि माया सुमारे तीन मिलिमीटर ठेवतात. दोन बोटांच्या बेचक्यात शिलाईला लागेपर्यंत छेद दिला नाही, तर उलटवल्यावर तिथे चुण्या पडतात. बोटे उलटवायला बारीक नळी आणि काडी पुरते.

भरण्यासाठी पॉलिएस्टरचा कापूस सोयीचा असतो. साध्या कापसाच्या गाठी होतात, तो पावसाळ्यात ओल धरतो आणि दाबून भरला तर सुई अडते. कापूस लहान पुंजक्यांनी, टोकापासून आत भरत आणतात. डोके घट्ट भरावे लागते. ते सैल राहिले तर दोरा ओढताच खड्डा पडतो, पण त्याच्या शेजारी उठाव येत नाही.

चेहऱ्याचे काम प्रमाणांपासून सुरू होते. प्रौढ चेहऱ्यात डोळे डोक्याच्या निम्म्या उंचीवर, तर बाळाच्या चेहऱ्यात त्याखाली येतात. दोन डोळ्यांमध्ये साधारण एका डोळ्याची जागा सोडतात. लांब सुईत मजबूत दोरा ओवून गाठ डोक्यामागे, पुढे केसांखाली झाकली जाईल अशी मारतात. नाकाच्या दोन्ही कडांमधून सुई आडवी फिरवत दांडा उभारतात, मग नाकपुड्या आणि डोळ्यांचे व ओठांचे कोपरे आत ओढतात. दर दोन-तीन टाक्यांनी दोरा ताणून अडकवतात. एकदम ओढला तर चेहरा एका बाजूला झुकतो. रंग शेवटी येतो: पेन्सिलींनी छटा, पातळ अॅक्रिलिकने बुबुळे आणि त्यांत पांढरा ठिपका.

हातपाय बटणांच्या सांध्यांनी जोडले की हलतात, आतून तार घातली की दिलेल्या स्थितीत टिकतात. केसांना लोकर चालते. पोशाखात अडचण येते ती कापडाच्या जाडीची. चाळीस सेंटिमीटरची बाहुली माणसाच्या सुमारे चतुर्थांश असते, म्हणून तिचे नऊवारी लुगडे दोन मीटर लांब आणि तीस सेंटिमीटर रुंद बेततात. पण कापडाची जाडी काही घटत नाही. जाड साडीच्या निऱ्या फुगून उभ्या राहतात, म्हणून जुने मलमल किंवा पातळ रेशीम घेतात, आणि नक्षीही बारीक निवडतात.

तार, मणी आणि बटणांचे डोळे असलेली बाहुली तीन वर्षांखालील मुलांना देत नाहीत. त्यांच्यासाठी डोळे टाक्यांनीच काढतात. घडीव चेहरा धुता येत नाही. मऊ कुंचल्याने धूळ झाडतात आणि उन्हापासून दूर ठेवतात, कारण उजेडाने नायलॉन कमकुवत होते. टाका सैल पडून गाल सपाट झाला, तर डोक्यामागून नवा दोरा नेऊन तो पुन्हा ओढता येतो.