देवदार काष्ठ आणि काठकुणी बाह्यभिंती

हिमाचल प्रदेशातील पारंपरिक घरांच्या बाह्यभिंतींत देवदाराचे (सीड्रस देवदारा) लाकूड शतकानुशतके वापरले गेले आहे. त्याच्या मध्यकाष्ठातील सुगंधी तैलद्रव्यांमुळे वाळवी व बुरशी सहसा लागत नाही. रसकाष्ठास मात्र हे संरक्षण नसते. ‘काठकुणी’ पद्धतीत देवदाराच्या तुळया व दगड यांचे थर चुन्याविना एकाआड एक रचतात. परिणामी भूकंपात भिंत किंचित हलून धक्का शोषून घेते. १९०५ च्या कांगडा भूकंपात नग्गर येथील किल्ला यामुळेच टिकला, असे मानले जाते. वृक्षतोडीवरील निर्बंधांमुळे आज हे लाकूड सहजी मिळत नाही व त्याची जागा काँक्रीट घेत आहे. अशा स्थितीत लाकडाबरोबरच हे रचनातत्त्वही विस्मृतीत जाणे भूकंपप्रवण प्रदेशास परवडणारे नाही.