पिकअपचा हौदा उचलणारा लोखंडी ठोकळा

टोमॅटोच्या हंगामात पिंपळगाव बसवंतच्या बाजार आवाराकडे निघालेल्या पिकअप गाड्यांकडे लक्षपूर्वक पाहिले असता, त्यांपैकी कित्येकांची मागील बाजू भाराने दबलेली व पुढील नाक वर उचललेले आढळते. उन्हाळी कांद्याच्या दिवसांत लासलगावच्या रस्त्यावरही असाच देखावा दिसतो. अशा गाडीच्या दिव्यांचा झोत रात्री समोरच्या चालकाच्या थेट डोळ्यांवर पडतो, आणि चाक खड्ड्यात गेले की चेसी एक्सलवरील रबरी ठोकळ्यावर आदळते. माल तर हादरतोच, शिवाय टोमॅटोच्या तळच्या जाळ्या दबून माल फुटतो व लिलावात भाव उतरतो.

यावर गॅरेजमध्ये एक स्वस्त तोड सुचविली जाते. मागील एक्सल व पाटे यांच्यामध्ये इंच-दोन इंच जाडीचा लोखंडी ठोकळा ठेवावयाचा, लांब यू-बोल्टांनी तो आवळावयाचा, की हौदा तितकाच वर येतो. सामान थोडे, काम एका दिवसाचे. या कारणाने शेतकऱ्यांस ते पटते. तथापि ठोकळ्याने नेमके काय होते आणि काय होत नाही, हे प्रथम समजून घेतले पाहिजे.

पाटे म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची कमान होय. टांग्याखाली हीच कमान असे, त्यामुळे जुन्या लोहारांच्या हाताला ती परकी नाही. भार आला की कमान सरळ होत जाते आणि भार उतरला की पूर्ववत होते. किती भाराला किती वाकावयाचे, हे पट्ट्यांची जाडी, रुंदी, लांबी व संख्या यांवर ठरते. ठोकळा या कमानीच्या खाली बसतो. कमानीच्या ताकदीत तो रतिभर भर घालीत नाही. दीड टनाला जे पाटे चार इंच वाकत होते, ते ठोकळा बसविल्यानंतरही दीड टनाला चार इंचच वाकतात. फक्त वाकण्याची सुरुवात वरून होते. गाडी उंच होते, बळकट होत नाही. फसगत होते ती येथेच, कारण मागील बाजू दबलेली दिसेनाशी झाली की भार जास्त झाल्याची डोळ्यांना दिसणारी खूणच नाहीशी होते.

दुसरा गैरसमज शिवाररस्त्यासंबंधीचा आहे. चाकोरीत गाडीचे पोट घासते म्हणून काही जण ठोकळे बसवितात. त्याने हौदा व खाली टांगलेली स्टेपनी वर येते हे खरे. परंतु मागील एक्सलचा मधला गोल फुगवटा, ज्यात दातेरी चक्रे असतात, तो जमिनीपासून होता तितक्याच उंचीवर राहतो, कारण ठोकळा एक्सलच्या वर आहे. घासतो बहुधा तोच.

सर्वांत महत्त्वाची बाब ब्रेकची आहे. अनेक मालवाहू पिकअपमध्ये चेसी व मागील एक्सल यांना एका दांडीने जोडलेला ब्रेकचा झडप-वाल्व असतो. चेसी व एक्सल यांतील अंतर कमी झाले, म्हणजे भार आला, असे समजून तो मागील ब्रेककडे अधिक दाब सोडतो. अंतर वाढले की गाडी रिकामी आहे असे समजून दाब रोखतो. ठोकळ्याने हे अंतर कायमचेच वाढते. परिणामी गाडी भरलेली असूनही वाल्वला ती रिकामी वाटते. मागची चाके पुरेशी रोखली जात नाहीत आणि सर्व जोर पुढील ब्रेकवर येतो. मोकळ्या सपाट रस्त्यावर हा दोष कदाचित जाणवणारही नाही. मुंबईचा माल घेऊन कसारा घाट उतरताना मात्र पुढील ब्रेक तापून त्यांची पकड कमी होते, आणि दोष कळण्याची ती जागा नव्हे.

म्हणून पहिला उपाय ठोकळ्याचा नसून वजनकाट्याचा आहे. टोमॅटोची जाळी २० किलोची धरली व रिकाम्या जाळीचे दीड किलो त्यात मिळविले, तर दीड टन क्षमतेच्या गाडीत ६९ जाळ्यांतच भार पुरा होतो. १०० जाळ्या भरल्यास तो २,१५० किलो होतो, म्हणजे ६५० किलो अधिक. हिशोब वहीच्या एका ओळीचा आहे, पण तो करण्याचे मनावर घेतले जात नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार जादा भारास २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनास आणखी २,००० रुपये दंड सांगितला आहे. एका फेरीऐवजी दोन फेऱ्यांचे डिझेल त्यापुढे थोडेच ठरते.

भार योग्य असूनही गाडी दबत असेल, तर पाट्यांची कमान उतरली आहे किंवा एखादा पाटा मोडला आहे असे समजावे. दोन्ही बाजूंची उंची सपाट जागी रिकाम्या गाडीवर मोजून पाहावी. मोडलेला पाटा बदलून व उतरलेले पाटे जाणत्या कारागिराकडून पुन्हा वळवून घेतले, की गाडी मूळच्या उंचीवर येते, आणि ही दुरुस्ती होय, बदल नव्हे. हा भेद कायद्यालाही महत्त्वाचा आहे. अधिनियमाच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने ठरविलेल्या व नोंदणीत असलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले आहे. सबब, ठोकळ्यास हात घालण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्यावे. अपघात झाल्यास विमा कंपनीही हाच प्रश्न विचारील.

परवानगी असेल तेथे काम कसे करावे, हेही सांगणे आवश्यक आहे, कारण अर्धवट माहितीने केलेला ठोकळा हा नसलेल्या ठोकळ्यापेक्षा वाईट. पाटे एक्सलच्या वर आहेत की खाली, हे आधी पाहावे. खाली असल्यास मधला ठोकळा गाडी उचलण्याऐवजी खाली बसवितो. ठोकळा भरीव पोलादाचा असावा. लाकूड सुकते, चेपते व बोल्ट सैल पडतात. पोकळ चौकोनी नळीही भाराखाली चिपटते. ठोकळ्याची रुंदी पाट्याइतकी व लांबी एक्सलवरील बैठकीइतकी ठेवावी. वरच्या बाजूस पाट्याच्या सेंटर बोल्टचे डोके बसेल असे भोक आणि खालच्या बाजूस बैठकीच्या भोकात जाणारी खुंटी लेथवर करून घ्यावी. ही खुंटी नसेल, तर ब्रेक दाबताच एक्सल पुढेमागे सरकू शकतो. दोन इंचांहून जाड ठोकळा कधीच करू नये, एकावर एक ठोकळे रचू नयेत, आणि पुढील एक्सलखाली तर मुळीच नाही.

यू-बोल्ट नवे व उच्च प्रतीच्या पोलादाचे घ्यावेत. जुने ताणलेले असतात, आणि बाजारातील साधी आटे पाडलेली सळई वाकवून केलेले बोल्ट भरवशाचे नसतात. हँडब्रेक बहुधा मागील चाकांवरच असल्याने काम करताना तो निरुपयोगी होतो. पुढील चाकांना दोन्ही बाजूंनी ओट लावावी, चेसी भक्कम घोड्यांवर टेकवावी आणि केवळ जॅकच्या आधारावर गाडीखाली कोणीही जाऊ नये. बोल्ट कर्णरेषेने थोडेथोडे आवळावेत. बसविल्यानंतर एक्सल लोंबता ठेवून ब्रेकची रबरी नळी ताणत नाही ना, हे तपासावे. वाल्वची दांडी निर्मात्याच्या सूचनेप्रमाणे नव्याने जुळवून घ्यावी. ती जुळत नसल्यास ठोकळा काढून टाकावा. दिव्यांची उंचीही पुन्हा लावावी. शे-दीडशे किलोमीटर धावल्यावर यू-बोल्ट आणखी एकदा आवळावेत, आणि हंगामात दर पंधरवड्याला त्यांवर नजर टाकावी.

ग्रामसेवकांनी गावातील पिकअपधारकांना हंगामाच्या सुरुवातीस एक फेरी रिकाम्या व एक फेरी भरलेल्या गाडीची भुईकाट्यावर करावयास सांगावी. पुढील व मागील चाकांचे वजन निरनिराळे घेतल्यास भार हौद्यात कोठे पडतो हेही कळते. पुष्कळदा जड जाळ्या अगदी मागे रचलेल्या असतात, आणि त्या केबिनकडे सरकविल्यानेच गाडीची पाठ दोन बोटे वर येते.