विणेकऱ्याचा निरोप

आज आषाढ शुद्ध पौर्णिमा. घरोघरी व्यासपूजन होईल, गुरुपादुकांवर तुळशीदळ वाहिले जाईल. इकडे पंढरीक्षेत्री आषाढी वारीची सांगता गोपाळपूरच्या काल्याने होते आणि काला झाला की संतांच्या पालख्या माघारी फिरतात. एकादशी भेटीची, पौर्णिमा निरोपाची. याच दिवशी आमच्या मठातील भजनी मंडळाचे वृद्ध विणेकरी बुवा आपल्या गळ्यातील वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घालणार आहेत. त्यांचे नाव मी येथे देत नाही. ‘नाव घ्यायचं ते पांडुरंगाचं, माझं कशाला?’ अशी त्यांची अटच आहे.

विणेकरी म्हणजे काय, हे वारकरी घरांना सांगावयास नको. परंतु नव्या पिढीतील वाचकांसाठी दोन शब्द लिहितो. टाळकरी समोरासमोर दोन ओळींत उभे राहतात, मृदंगी जवळ असतो आणि मध्ये विणेकरी. अभंगाचा चरण उचलला जातो, ओळी तो झेलतात, पुन्हा परत देतात. या वीणेवर कोणी राग आळवीत नाही. तिचे काम एवढेच की, सूर अखंड राहावा. भजन चालू असता ती भूमीवर टेकत नाही. देणारा आणि घेणारा एकमेकांच्या पाया पडतात आणि मगच ती गळ्यातून गळ्यात जाते. अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस आणि सात रात्री ती अशीच पहाऱ्यापहाऱ्याने फिरत राहते.

आता थोडे शास्त्राकडे वळू. इसवी सनाच्या १३व्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या, सिंघण राजाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ रचिला. त्यात समूहाने गाणाऱ्यांच्या ‘वृंदा’चे वर्णन आहे. उत्तम वृंदात मुख्य गायक ४, त्यांना साथ देणारे ८, गायिका १२, बासरीवादक ४ आणि मृदंगवादक ४ असावेत, असे तो सांगतो. पुढे वृंदाचे सहा गुण दिले आहेत. मुख्याला अनुसरणे, एकमेकांत मिसळणे, तालाशी लीन होऊन चालणे, तिन्ही स्थानांत पोहोचणे, आवाजांचे सारखेपण, आणि आणखी एक गुण असा की, एकाचे तुटले तर दुसऱ्याने ते सावरून न्यावे.

हा शेवटी सांगितलेला गुण मी पाठशाळेत पाठ केला होता. त्याचा अर्थ मात्र मला बुवांनी शिकविला.

त्या वेळी मी पंचविशीत होतो. व्याकरण-साहित्याचे अध्ययन करून आलेला, गळाही बरा, आणि दोहोंचा अभिमान त्याहून मोठा. एका एकादशीस बुवांनी प्रेमाने मला चरण उचलावयास सांगितला. मी अशा काही ताना घेतल्या की, सभामंडपातील लोक माना डोलवू लागले. टाळ हळूहळू थंडावले, आणि कोणाच्या ते ध्यानातही आले नाही. बुवांनी मला थांबविले नाही. माझी तान संपताच त्यांनी खालच्या सुरात तीच साधी चाल धरली, आणि एकेक करून सर्व टाळ पुन्हा बोलू लागले. रात्री प्रसाद घेताना ते एवढेच म्हणाले, ‘शास्त्रीबुवा, आज गाणं सुरेख झालं. भजन मात्र मधे उभं राहिलं होतं.’

त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे लक्ष देऊन पाहू लागलो. ते सूर आपल्या गळ्याला सोयीचा धरीत नसत. ओळीतील म्हाताऱ्यांना आणि पोरांना जेथे गाता येईल तेथे धरीत. नवख्या टाळकऱ्याला पक्क्या टाळकऱ्याशेजारी उभे करीत. कोणी चरण विसरला तर त्याच्याकडे डोळे वटारून न पाहता स्वतःच पुढचा शब्द किंचित आधी उच्चारीत, म्हणजे विसरणाऱ्याला वाटे की आपल्यालाच आठवले. तुटलेले असे जोडले जाई आणि श्रोत्यांना सांधा दिसत नसे.

यंदाच्या वारीपूर्वी एका पहाटे काकड्याला बुवांचाच चरण हरपला. शेजारच्या तरुणाने पुढचा शब्द हलकेच आधी उच्चारला आणि भजन पुढे गेले. आम्हांपैकी बहुतेकांना ते कळलेही नाही. बुवांना कळले. आरती झाल्यावर त्यांनी मला बाजूस घेतले आणि म्हणाले, ‘आता मंडळी मला सांभाळून घेतात. सांभाळायचं काम माझं होतं. ते ज्यानं घेतलं, वीणाही त्यानंच घ्यावी.’

यावर मंडळात कुरबुर झाली, हे लपविण्यात अर्थ नाही. त्या तरुणाचा आवाज बारीक आहे. त्याच्याहून वयाने ज्येष्ठ आणि पहाडी गळ्याचे दोघे-तिघे आहेत. त्यांचे मन दुखावणे स्वाभाविकच होते. खरे सांगावयाचे तर मीही त्यांच्यातलाच एक होतो. बुवांनी कोणाचा आवाज कमी लेखला नाही. ‘तुमचे गळे मोठे आहेतच,’ ते म्हणाले, ‘पण त्याला दुसऱ्याचं ऐकू येतं.’ यावर मला माझी पंचविशीतील ती एकादशी आठवली, आणि मी मान खाली घातली.

सत्कारासाठी मंडळाने शाल-श्रीफळ ठरविले आणि संस्कृत मानपत्र लिहिण्याचे काम मजकडे दिले. मी त्यात ‘नायक’ हा शब्द योजिला होता. नेणारा तो नायक. आणि हाराच्या मध्यभागी असणाऱ्या मण्यालाही कोशकार नायक म्हणतात. अर्थ ऐकून बुवा हसले आणि म्हणाले, ‘मधला मणी आज दुसरा होतोय. मला ओळीत ओवा म्हणजे झालं.’ त्यांचे मागणे तेवढेच आहे. वीणा दिल्यावर टाळकऱ्यांच्या ओळीत अगदी शेवटी, या वर्षी नव्याने आलेल्या पोरांशेजारी, त्यांना टाळ घेऊन उभे राहावयाचे आहे. मानपत्र मी फाडले नाही, पण आता ते वाचणारही नाही.

काल्यात ज्याची त्याची शिदोरी एकत्र होते. मग हा घास कोणाच्या घरचा, असे कोणी विचारीत नाही. आज आम्ही तो प्रसाद घेऊ आणि मठात परतून भजनास उभे राहू. वीणा देताना ऐंशीच्या घरातील गुरू तिशीतील शिष्याच्या पाया पडेल. त्यानंतर नव्या विणेकऱ्याचा बारीक आवाज पहिला चरण उचलील. तो झेलण्यासाठी पहाडी गळ्याचे आम्ही सर्व, आपला आवाज थोडा आवरून, टाळ घेऊन उभे असू.