माजी सैनिकांचा मान : शंभर वर्षांतील भारतीय दृष्टिकोन

सैन्यातून निवृत्त झालेल्या माणसाला समाज तीन प्रकारे मान देतो. पहिला स्मारकांचा आणि समारंभांचा, दुसरा निवृत्तिवेतन, औषधोपचार, नोकरी अशा हक्कांचा आणि तिसरा गावात, बाजारात, कचेरीत मिळणाऱ्या वागणुकीचा. हे तिन्ही एकाच वेळी पदरात पडतात असे नाही. भारतात गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत हा मान चार गोष्टींवर ठरत आला: सैनिक कोणासाठी लढला, त्याची जात कोणती, लढाईचा निकाल काय लागला आणि तो धारातीर्थी पडला की घरी परतला. पराक्रम या चारही गोष्टींच्या मागून येतो.

परक्या राजासाठी लढलेले

पहिल्या महायुद्धात भारतातून सुमारे १३ लाख माणसे परदेशी गेली. त्यांतील सुमारे ७४ हजार परतली नाहीत. युद्ध संपल्यावर ब्रिटिश सरकारने भरती देणाऱ्या गावांत लहान दगडी पाट्या बसवल्या. साताऱ्याकडे आणि कोकणात अशा पाट्या अजून आढळतात. मजकूर थोडका असतो: या गावातून इतके लोक लढाईवर गेले, त्यांपैकी इतके मेले. आकडे असतात, नावे नसतात. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातील ४६ जण त्या युद्धात कामी आले. सैन्यात जाण्याची रीत तिथल्या पुढच्या पिढ्यांनीही सोडली नाही, म्हणून ते गाव ‘मिलिटरी अपशिंगे’ याच नावाने ओळखले जाते.

परतलेल्यांना पेन्शन होती, काहींना जमीन मिळाली. १९१९ मध्ये इंडियन सोल्जर्स बोर्ड स्थापन झाले. आजचे केंद्रीय सैनिक बोर्ड आणि त्याच्याशी जोडलेली जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये हा त्याचाच पुढचा विस्तार. खेड्यात पेन्शनर सुभेदाराचे वजन मोठे असे. दर महिन्याला रोख पैसा हाती येणारी, जग पाहिलेली आणि साहेबाशी बोलू शकणारी माणसे तेव्हा गावात मोजकीच होती.

राष्ट्रीय चळवळीची नजर मात्र बदलत गेली. युद्धकाळात लोकमान्य टिळक आणि महात्मा गांधी या दोघांनीही सैन्यभरतीला पाठिंबा दिला होता, कारण त्यातून स्वराज्याची वाट मोकळी होईल अशी आशा होती. १९१९ च्या रौलट कायद्याने आणि जालियनवाला बागेतील हत्याकांडाने ती आशा संपली. बागेत हुकुमावरून गोळ्या झाडणारेही हिंदुस्थानी फौजेचेच शिपाई होते. त्यानंतर लष्करी गणवेशाकडे आदराबरोबर संशयानेही पाहिले जाऊ लागले. दिल्लीच्या इंडिया गेटची पायाभरणी १९२१ मध्ये झाली आणि १९३१ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. त्यावर तेरा हजारांहून अधिक नावे कोरलेली आहेत. पण सविनय कायदेभंगाच्या त्या दिवसांत ते साम्राज्याचे स्मारक ठरले. देशाने ते आपले मानले नाही.

दुसऱ्या महायुद्धात सुमारे २५ लाख भारतीय सैन्यात दाखल झाले. भारतीय नेत्यांना न विचारता देशाला युद्धात ओढल्याच्या निषेधार्थ काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी १९३९ मध्ये राजीनामे दिले होते. त्यामुळे इटलीत, ब्रह्मदेशात आणि उत्तर आफ्रिकेत गाजवलेल्या पराक्रमाला स्वातंत्र्यानंतरच्या पाठ्यपुस्तकांत फारशी जागा उरली नाही. रायगड जिल्ह्यातील नाईक यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी इटलीतील अप्पर टायबर खोऱ्यात शत्रूच्या मशीनगनच्या मोर्चावर एकट्याने चाल केली. बरोबरचे सगळे पडले होते. मोर्चा घेतला, पण लपलेल्या बंदूकबाजाच्या गोळीने त्यांचा अंत झाला. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे. २०२३ मध्ये इटलीतील मोंतोने गावानेही त्यांच्या नावे छायाघड्याळाचे स्मारक उभारले. घाडगे यांच्याच मराठा रेजिमेंटचे, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील नामदेव जाधव एप्रिल १९४५ मध्ये सेनियो नदीच्या लढाईत हाच सन्मान मिळवून जिवंत परतले. पलटणीत आणि त्यांच्या जिल्ह्यांत ही दोन्ही नावे घेतली जातात. त्याबाहेर ती ठाऊक असणारे थोडे.

आझाद हिंद आणि नौदलाचे बंडखोर

युद्ध संपले तेव्हा जयजयकार होत होता तो आझाद हिंद सेनेचा. नोव्हेंबर १९४५ मध्ये लाल किल्ल्यात शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरुबक्षसिंग ढिल्लाँ यांच्यावर खटला सुरू झाला. बचावाची धुरा भुलाभाई देसाईंनी घेतली आणि पंडित नेहरूही वकिलाचा झगा चढवून हजर राहिले. जन्मठेपेची शिक्षा झाली. लोकांचा रोष पाहून सरसेनापती ऑचिन्लेक यांनी जानेवारी १९४६ मध्ये ती रद्द केली. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत ‘तलवार’ या नौदल आस्थापनेवरील खलाशांनी बंड पुकारले. ते अनेक जहाजांवर आणि बंदरांत पसरले आणि मुंबईचे कामगार त्यांच्या बाजूने रस्त्यावर आले.

रस्त्यावरचा हा मान कचेरीपर्यंत पोहोचला नाही. स्वातंत्र्यानंतर आझाद हिंदच्या सैनिकांना पुन्हा लष्करात घेतले गेले नाही. बडतर्फ खलाशांनाही नौदलाची दारे बंदच राहिली. त्यामागे शिस्तीचा विचार होता: शपथ मोडणाऱ्याला परत घेतले तर उद्याच्या सैन्याला कोणता धडा मिळेल? उलट बाजूने विचारले जाई की ती शपथ परक्या राजाची होती, तर स्वतंत्र देशाने ती का जपावी? १९७२ मध्ये स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षात स्वातंत्र्यसैनिकांसाठी केंद्र सरकारची निवृत्तिवेतन योजना आली तेव्हा यांतील अनेकांची दखल घेतली गेली. कुलाब्यात नौदल उठावाचे स्मारक २००१ मध्ये उभे राहिले. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात आझाद हिंदचे सैनिक २०१९ मध्ये सामील झाले, तेव्हा ते नव्वदी ओलांडलेले होते.

जात आणि पलटण

मुंबई इलाख्याच्या फौजेत महार शिपायांची मोठी परंपरा होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘लढवय्या जमातीं’चा सिद्धांत मान्य झाला आणि १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद पडली. लष्करातले शिक्षण, पगार आणि पेन्शन यांमुळे एक सुशिक्षित पिढी उभी राहिली होती. तिच्या मुलाबाळांची वाट या निर्णयाने अडली. दापोलीच्या कॅम्पात अशी पेन्शनर कुटुंबे राहत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर तिथेच आले. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी ‘अनार्य दोष परिहारक मंडळी’च्या वतीने १८९४ मध्ये भरती पुन्हा सुरू करण्याचा अर्ज तयार केला. सरकारने पेन्शन दिली तरी गावच्या पाणवठ्यावर सुभेदाराचा हुद्दा चालत नव्हता.

कोरेगाव भीमाचा जयस्तंभ याच पार्श्वभूमीवर पाहावा लागतो. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर ईस्ट इंडिया कंपनीने तो आपल्या सैन्याच्या गौरवार्थ उभारला. त्यावरील मृतांच्या नावांत ‘नाक’ हा प्रत्यय लावलेली महारांची नावे ठळकपणे दिसतात. भरतीबंदीच्या विरोधात हा स्तंभ पुरावा म्हणून पुढे आला. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर तिथे गेले आणि त्यानंतर तो दलित समाजाच्या स्वाभिमानाचे स्थान बनला. कंपनीचा विजय साजरा का करायचा, असा आक्षेप घेणारेही आहेत. हा सन्मान कंपनीचा नसून माणूस म्हणून नाकारल्या गेलेल्यांच्या शौर्याचा आहे, असे त्यावर उत्तर दिले जाते. २०१८ मध्ये लढाईच्या द्विशताब्दीला तिथे हिंसाचार झाला. महार रेजिमेंटची स्थापना १९४१ मध्ये बेळगावात झाली तेव्हा तिच्या बोधचिन्हावर हाच स्तंभ होता. स्वातंत्र्यानंतर ते चिन्ह बदलले.

जय, पराजय आणि अर्धवट राहिलेली मोहीम

स्वतंत्र भारतात सैनिक देशाचा झाला, तरी युद्धाच्या निकालाचे सावट त्याच्यावर पडतच राहिले. १९६२ च्या पराभवानंतर लडाखमधील रेझांग ला येथून परतलेल्या मोजक्या जवानांनी आपल्या कंपनीच्या शेवटच्या लढ्याची हकिकत सांगितली, तेव्हा आधी तिच्यावर विश्वास बसला नाही. १९६३ च्या आरंभी बर्फ वितळू लागल्यावर खंदकांत शस्त्रासह गोठलेले देह सापडले आणि मेजर शैतानसिंग यांच्या कंपनीची हकिकत खरी ठरली. याउलट १९७१ चा विजय ताजा असतानाच, २६ जानेवारी १९७२ रोजी इंदिरा गांधींनी इंडिया गेटखाली अमर जवान ज्योतीला मानवंदना दिली. साम्राज्याच्या कमानीला स्वतंत्र देशाचा अर्थ त्या दिवशी मिळाला.

श्रीलंकेतील शांतिसेना हे तिसरे उदाहरण. १९८७ ते १९९० या काळात अकराशेहून अधिक भारतीय सैनिक तिथे मारले गेले. त्यांत मुंबईत जन्मलेले, महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन होते. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. मार्च १९९० मध्ये अखेरची तुकडी मद्रासला उतरली, तेव्हा तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. ही फौज तमिळांविरुद्ध लढली, अशी तिथल्या बऱ्याच लोकांची भावना होती. सैनिक हुकूम पाळून आला होता, पण त्या हुकुमावर देशाचे एकमत नव्हते. याची किंमत परतलेल्यांनी मोजली.

१९९९ च्या कारगिल युद्धाने चित्र पालटले. लढाई दूरचित्रवाणीवर घरोघरी दिसली. पूर्वी बहुतेक जवानांचे अंत्यसंस्कार रणभूमीजवळच होत. आता तिरंग्यात गुंडाळलेल्या शवपेट्या गावी येऊ लागल्या. जवानाला अखेरचा निरोप देण्यासाठी पंचक्रोशी लोटते, शाळांची मुले दुतर्फा उभी राहतात आणि बंदुकांच्या फैरींनी मानवंदना दिली जाते. हे दृश्य महाराष्ट्राच्या ओळखीचे झाले ते तेव्हापासून. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी दिल्लीत राष्ट्रीय युद्धस्मारक खुले झाले. त्याच्या त्यागचक्रात स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या पंचवीस हजारांहून अधिक सैनिकांची नावे आहेत. जानेवारी २०२२ मध्ये अमर जवान ज्योती तिथल्या ज्योतीत विलीन झाली तेव्हाही दोन मते पडली: काहींना वसाहतीच्या कमानीखालून ज्योत हलली हे योग्य वाटले, तर काहींना पन्नास वर्षांची परंपरा तुटल्याची खंत वाटली.

परतलेल्याचा हिशेब

वीरमरण आलेल्याचा मान एका दिवसात दिसतो. जिवंत परतलेल्याचा मान तीस-चाळीस वर्षे द्यावा लागतो आणि त्याला पैसा लागतो. भारतीय जवान बहुधा पस्तिशी-चाळिशीतच निवृत्त होतो. दर वर्षी असे सुमारे ६० हजार जण बाहेर पडतात. मुले शाळेत, घर अर्धे बांधलेले आणि हाती सैन्याबाहेर लगेच विकता येईल असे कौशल्य नाही, अशी अनेकांची स्थिती असते. मग बँकेच्या किंवा एटीएमच्या दारावरची सुरक्षारक्षकाची नोकरी येते. गावातले लोक ‘मेजर’ म्हणून हाक मारतात, पण तलाठी कार्यालयातल्या रांगेत तो इतरांसारखाच उभा असतो.

कागदांची अडचण वेगळीच. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश, दरसालचा हयातीचा दाखला आणि आता ‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीवरची नोंद, या सगळ्यांत नावे जुळावी लागतात. महाराष्ट्रात लग्नात मुलीचे नाव बदलण्याची चाल होती. त्यामुळे पलटणीच्या दफ्तरी एक आणि रेशनकार्डावर दुसरे नाव असलेल्या विधवेला कुटुंब निवृत्तिवेतनासाठी प्रतिज्ञापत्रे घेऊन खेटे घालावे लागतात.

हक्कांचा सर्वांत मोठा लढा ‘एक हुद्दा, एक निवृत्तिवेतन’ या मागणीचा. हुद्दा आणि सेवेची वर्षे सारखी असूनही आधी निवृत्त झालेल्याला कमी आणि नंतरच्याला जास्त पेन्शन मिळत होती, कारण मधल्या काळात वेतन आयोगांनी पगार वाढवले होते. २०११ मध्ये भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभेच्या समितीने मागणी योग्य ठरवली. जून २०१५ मध्ये माजी सैनिक जंतरमंतरवर धरणे धरून बसले. स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी पोलिसांनी या वृद्धांना हटवण्याचा प्रयत्न केला आणि देशभर नाराजी उमटली. सप्टेंबरमध्ये सरकारने योजना जाहीर केली, ती १ जुलै २०१४ पासून लागू झाली. पाच वर्षांनी एकदा फेरआढावा घेणे म्हणजे पूर्ण समानता नव्हे, हा आंदोलकांचा आक्षेप कायम राहिला; मार्च २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे धोरण वैध ठरवले.

याबाबत लोकमतही एकसारखे नाही. सैनिकावर शिस्तीसाठी मूलभूत हक्कांच्याही मर्यादा येतात. घटनेचे ३३ वे कलम तशी मुभा देते. तो संप करू शकत नाही, लवकर निवृत्त होतो आणि जीव धोक्यात घालतो, म्हणून त्याला वेगळे मोजावे, असे एक मत आहे. निमलष्करी दलांचे आणि पोलिसांचे जवानही मरतात, मग वेगळेपण फक्त लष्करालाच का, आणि वाढत्या पेन्शनखर्चामुळे नव्या शस्त्रांना पैसा कोठून आणायचा, असे दुसरे मत. २०२२ च्या फेरआढाव्यात २५ लाखांहून अधिक निवृत्तिवेतनधारक आणि कुटुंबे मोजली गेली, यावरून या खर्चाची व्याप्ती कळते.

मान उशिरा पोहोचण्याचे एक महाराष्ट्रीय उदाहरण मुरलीकांत पेटकर यांचे. सांगली जिल्ह्यातील हा जवान १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झाला. व्हीलचेअरवर आल्यानंतर तो पोहण्याकडे वळला आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये भारताचे पहिले वैयक्तिक सुवर्णपदक त्याने मिळवले. पद्मश्री मिळाली ती २०१८ मध्ये, म्हणजे ४६ वर्षांनी.

आजचे प्रश्न

दर वर्षी ७ डिसेंबरला ध्वजदिन निधी गोळा होतो. हा दिवस १९४९ पासून पाळला जातो. फील्ड मार्शल करिअप्पा १४ जानेवारी १९५३ रोजी निवृत्त झाले, त्याची आठवण म्हणून २०१६ पासून त्या तारखेला माजी सैनिक दिन साजरा होतो. अशा दिवसांबरोबर सैनिकाच्या नावाचा राजकीय वापरही वाढला. निवडणूक प्रचारात सैनिकांची छायाचित्रे वापरू नयेत, अशी सूचना निवडणूक आयोगाने २०१३ मध्ये दिली होती. २०१९ मध्ये ती पुन्हा द्यावी लागली. त्याच वर्षी अनेक निवृत्त सेनाधिकाऱ्यांच्या नावे राष्ट्रपतींना या वापराविरुद्ध पत्र गेले, तर यादीतील काहींनी आपण सही केलीच नसल्याचे सांगितले. माजी सैनिकांतही एकच सूर नाही, हे त्यातून उघड झाले.

जून २०२२ च्या अग्निपथ भरती योजनेने माजी सैनिकाच्या मूळ व्याख्येलाच हात घातला. चार वर्षांच्या सेवेनंतर जास्तीत जास्त चौथा हिस्सा अग्निवीर सैन्यात राहतील. बाकीच्यांना सुमारे ११ लाख ७१ हजार रुपयांचा सेवानिधी मिळेल, पण निवृत्तिवेतन किंवा माजी सैनिकाचा दर्जा मिळणार नाही. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत त्यांच्यासाठी दहा टक्के जागा राखण्याचे २०२२ मध्ये जाहीर झाले आणि काही राज्यांनी पोलीस भरतीत कोटा जाहीर केला आहे. तरुण सैन्य आणि आटोक्यातला खर्च हा योजनेच्या समर्थकांचा मुद्दा. जोखीम तीच आणि हक्क कमी, हा विरोधकांचा. पंचविशीच्या आसपास घरी परतणाऱ्या या तरुणांना गाव कदाचित फौजी म्हणून ओळखेल, पण जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या नोंदवहीत त्यांची जागा कोणती, हे सरकारी नियमांनाच ठरवावे लागणार आहे.