एक लिटर पेट्रोलला तेल किती? रामघाटावर जाम झालेल्या यंत्राची हकीकत

या अंकात आम्ही परीक्षेच्या तयारीविषयी लिहावे अशी संपादक मंडळाची सूचना होती. परंतु मागील पावसाळ्यानंतर रामघाटावरील स्वच्छता-सेवेच्या दिवशी जे घडले, त्याचा खुलासा अनेक पालकांनी विचारला. विश्वस्तांनीही दुरुस्तीच्या बिलावर प्रश्न केला, तो रास्तच होता. म्हणून आधी तो विषय. आमचे सर्व शिक्षण हिंदी माध्यमातून झाले असल्याने यंत्राच्या भागांना शुद्ध मराठी शब्द आम्हाला सुचत नाहीत. मिस्त्री जे शब्द वापरतात तेच येथे घेतले आहेत.

घटना थोडक्यात अशी. पूर ओसरला की छोट्या रपटेच्या आजूबाजूला गाळ साचतो आणि काठावर कमरेइतके गवत माजते. ते कापण्यासाठी शाळेने खांद्याला अडकवायचे ग्रास कटर घेतले आहे. त्या दिवशी अकरावीच्या एका विद्यार्थ्याने स्टोअरमधला डबा आणला, टाकी भरली, दोरी ओढली. यंत्र सुरू झाले, पाच-सात मिनिटे चालले, मग अडखळले, मग एकाएकी फार जोरात पळू लागले आणि खट्‌ आवाज करून बंद पडले. नंतर दोरी ओढली जाईना. इंजिन जाम. आम्ही तेथेच, सर्वांसमोर, त्या मुलाला म्हणालो, "तेल न घालताच पेट्रोल भरलेस ना?" तो एवढेच म्हणाला, "सर, डबा जसा होता तसाच ओतला." आम्ही त्याचे ऐकून घेतले नाही.

आता हे तेल-पेट्रोलचे प्रकरण काय आहे ते समजून घेऊ, म्हणजे चूक कोणाची हे वाचकांनाच ठरवता येईल.

आजच्या मोटरसायकलीचे, कारचे इंजिन चार स्ट्रोकचे असते. त्याच्या तळाशी तेलाचे वेगळे कुंड असते, ते तेल आतल्या आत फिरते आणि पुन्हा तळाशी येते. दोन स्ट्रोकच्या साध्या इंजिनाला असे कुंडच नसते. त्यात पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आधी पिस्टनच्या खाली, क्रँक असतो त्या पोकळीत शिरते, तेथे दाबले जाते आणि मग बाजूच्या वाटेने वर सिलिंडरमध्ये जाते. ही युक्ती इंग्लंडमधील बाथ गावच्या जोसेफ डे यांची, १८९१ च्या सुमारास पेटंट घेतलेली. पोकळी मिश्रणासाठी वापरली, म्हणजे तेथे तेल भरून ठेवता येत नाही. तेव्हा तेल पेट्रोलमध्येच मिसळून पाठवायचे. जाता जाता ते बेअरिंगला, पिस्टनला आणि सिलिंडरच्या भिंतीला लागते आणि शेवटी जळून धुरातून बाहेर पडते. प्रत्येक थेंब एकदाच कामाला येतो. यंत्र हलके होते, कसेही वाकवले तरी चालते, म्हणून खांद्यावरच्या यंत्रांना हीच पद्धत सोयीची पडली.

आमच्या पिढीला हे शिकवावे लागत नव्हते. घरोघरी चेतक, प्रिया नाही तर लूना होती. पंपावर पेट्रोल भरण्यापूर्वी तेलाची दांडी खाली-वर करून मोजके तेल टाकीत सोडत, आणि वरून पेट्रोल पडले की आपोआप ढवळले जाई. रात्रभर उभी राहिलेली स्कूटर सकाळी एका बाजूला वाकवून मग किक मारणारे वडील आजच्या मुलांनी पाहिलेले नाहीत! आर एक्स १०० सारख्या मोटरसायकलीत तेलाची टाकी वेगळी होती व पंप स्वतःच तेल सोडत असे. धूर फार, म्हणून १९९८ च्या अखेरीस दिल्लीत सुटे तेल देणे बंद झाले आणि १९९९ पासून देशभर कमी धुराच्या तेलाचा नियम आला. आता नव्या दुचाकींत दोन स्ट्रोक इंजिन मिळत नाही. ते उरले आहे ग्रास कटरमध्ये, करवतीत, शेतातल्या पाठीवरच्या फवाऱ्यात आणि काही मोटरबोटींच्या मागच्या इंजिनात. यंत्रे राहिली, ज्ञान मात्र स्कूटरबरोबर भंगारात गेले.

यंत्र कोणते हे आधी ओळखावे. इंजिनाला तेल भरण्याचे वेगळे झाकण आणि पातळी पाहण्याची पट्टी असेल तर ते चार स्ट्रोकचे आहे, त्याच्या पेट्रोलमध्ये तेल घालायचे नाही. असे झाकण नसेल, टाकीच्या बुचावर मिश्रणाचे प्रमाण लिहिले असेल, तर ते दोन स्ट्रोकचे.

तेल कोणते? ज्याला बाजारात 'टू-टी' म्हणतात तेच. पुष्कळ लोक कारचे किंवा मोटरसायकलचे, ज्याला आपल्याकडे सरसकट 'मोबिल' म्हणतात, ते घालतात. ते तेल जळण्यासाठी बनवलेलेच नसते. त्यातली धातूयुक्त द्रव्ये जळून राख होते, ती प्लगवर आणि पिस्टनवर बसते. टू-टीच्या डब्यावर जपानी दर्जाची अक्षरे पाहावीत. जासो एफबी हे साधे, एफसी कमी धुराचे, आणि एफडी हे कमी धुराचे असून इंजिन आतून अधिक स्वच्छ ठेवणारे. हवेने थंड होणाऱ्या ग्रास कटरला एफसी किंवा एफडी घ्यावे, दोन पैसे जास्त गेले तरी. बोटीचे इंजिन नदीच्या पाण्याने थंड होते, म्हणून कमी तापते. त्याचे तेल वेगळे, त्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेले असते. त्यात राख करणारी द्रव्ये नसतात. बोटीचे तेल करवतीत घातले तर त्या उष्णतेला ते पुरे पडत नाही. डब्बा एकाच दुकानात शेजारी शेजारी असतो, पाहून घ्यावा.

आता प्रमाण. हा गुणोत्तराचा धडा आहे. १:५० म्हणजे पेट्रोलच्या पन्नासावा भाग तेल. एक लिटरला २० मिलिलिटर. जुन्या चेतकचे 'दोन टक्के' ते हेच. १:४० असेल तर २५ मिलिलिटर, १:२५ असेल तर ४० मिलिलिटर. यंत्राच्या पुस्तिकेत जे लिहिले असेल तेच खरे, शेजाऱ्याच्या यंत्राचे नाही. नव्या इंजिनाला सुरुवातीचे काही तास जास्त तेल सांगितलेले असते, तेही पुस्तिकेतच पाहावे. 'एक झाकण तेल' हे माप नव्हे, झाकणे लहान-मोठी असतात. औषधाच्या दुकानातून वीस मिलिलिटरची सिरिंज आणावी, सुई काढून टाकावी.

'थोडे जास्त तेल घातले तर काय बिघडते, उलट बरेच' असे आम्हीही समजत होतो. बिघडते. प्लग काळा होतो, धूर निघण्याच्या छिद्रात काजळी साचते. शिवाय कार्बोरेटरच्या बारीक भोकातून जाणाऱ्या द्रवात तेलाचा वाटा वाढला की पेट्रोलचा वाटा घटतो, आणि कमी पेट्रोलवर चालणारे इंजिन जास्त तापते. तेल कमी पडले तर पिस्टन सिलिंडरला घासून चिकटतो, हे तर सर्वांना ठाऊक आहे.

मिसळताना आधी अर्धे पेट्रोल, मग मोजलेले तेल, बूच लावून चांगले हलवणे, मग उरलेले पेट्रोल आणि पुन्हा हलवणे. टाकी भरण्याआधी दर वेळी डबा हलवावा. डबा पेट्रोलसाठीच बनवलेला असावा आणि भरताना जमिनीवर ठेवावा. शीतपेयाच्या बाटलीत हे मिश्रण कदापि ठेवू नये. टू-टी तेलाला मुद्दाम रंग दिलेला असतो, आणि रंगीत पाण्याने भरलेली बाटली लहान मुलाला सरबतच वाटते.

आता आमच्या डब्याकडे येऊ. फ्रीगंजच्या मिस्त्रींनी इंजिन उघडले, सिलिंडरवर ओरखडे दाखवले आणि डब्यात उरलेले मिश्रण मागवून घेतले. काचेच्या स्वच्छ बाटलीत ते ओतले आणि खिडकीत ठेवले. काही वेळाने त्यात दोन थर स्पष्ट दिसू लागले. वरचा थर रंगीत, खालचा जवळजवळ पाण्यासारखा. ते म्हणाले, "बच्चे की गलती नहीं है, साहब. तेल तो इसमें है, ऊपर बैठा है."

झाले होते असे. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल पाण्याचे सोबती. थोडेसे पाणी ते पोटात घेते, पण पाणी मर्यादेपलीकडे गेले की पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाशी जाऊन बसते. तेल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहते. आमचा डबा जूनमध्ये, पाऊस सुरू होण्यापूर्वी, कार्यालयाने भरून ठेवला होता. त्याचे बूच सैल होते, स्टोअरचे छप्पर त्या कोपऱ्यात गळते, आणि ही तक्रार आमच्या टेबलावर दोनदा आली होती. एकदा वेगळे झालेले हे थर डबा हलवून पुन्हा एक होत नाहीत. ग्रास कटरच्या टाकीत पेट्रोल ओढणारी नळी तळाशी असते. तिने तळाचेच ओढले, ज्यात तेल नव्हते.

पिस्टन, रिंगा व सिलिंडर बदलावे लागले, त्याचे बिल विश्वस्तांपुढे ठेवले आहे. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी, ज्यांच्यासमोर त्या विद्यार्थ्याला बोललो होतो त्यांच्याचसमोर, आम्ही त्याची क्षमा मागितली. त्याच्या आईला शाळेत बोलावून वेगळे सांगितले. त्या म्हणाल्या, "सर, तो त्या दिवशी घरी जेवला नव्हता." हे येथे लिहिण्याचे कारण, काही पालकांपर्यंत पहिली अर्धीच गोष्ट पोचली आहे.

एक गोष्ट घाटाविषयी. दोन स्ट्रोक इंजिनात ताजे मिश्रण आत येण्याची आणि धूर बाहेर जाण्याची वाट काही क्षण एकाच वेळी उघडी असते. त्यामुळे जुन्या पद्धतीच्या इंजिनात पाव भागापर्यंत पेट्रोल न जळताच, तेलासकट, बाहेर जाते. बोटीच्या इंजिनाचा धूर तर पाण्यातच सोडलेला असतो. पावसाळा सोडला तर रामघाटावरचे पाणी बांधांनी अडवलेले असते, वाहून जात नाही. त्याच पाण्यात लोक डुबकी घेतात, आचमन करतात. पर्वस्नानाला बचाव पथकाच्या बोटी हव्यातच, २०२८ च्या सिंहस्थात त्या अधिकच लागतील, त्याबद्दल आमचे काही म्हणणे नाही. परंतु आपले यंत्र आपण घाटाच्या पायरीवर भरत होतो, आणि सांडलेल्या थेंबाचे इंद्रधनुष्य पाण्यावर पसरलेले मुले कौतुकाने पाहत होती, हे आम्ही स्वतः पाहिले आहे. यापुढे टाकी वर रस्त्यावर, खाली ट्रे ठेवून भरली जाईल. उरलेले खराब मिश्रण मिस्त्रींनी आपल्याकडे ठेवून घेतले. ते नाल्यात ओतायचे नाही, कारण नाला शेवटी क्षिप्रेतच जातो.

शाळेत आता एवढे बदल केले आहेत. मिश्रण लागेल तेवढेच, एका दिवसाचे करायचे. उरले तर डब्यावर तारीख लिहायची आणि महिन्याच्या आत संपवायचे. पावसाळ्यापूर्वी यंत्राची टाकी रिकामी करून, उरले-सुरले संपून बंद पडेपर्यंत इंजिन चालवायचे. स्टोअरचे छप्पर दुरुस्त झाले आहे. पुढच्या स्वच्छता-सेवेला मिश्रण करण्याचे काम त्याच विद्यार्थ्याने मागून घेतले आहे. सिरिंज त्याच्याकडे आहे, कपाटाची किल्ली प्रयोगशाळा सहायकांकडे.